श्वानास गृहांतर्गत गृह देण्याविषयी

ज्या गृहस्थाने डोंबिवलीच्या आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, मातोश्रींचा स्पष्ट विरोध आणि सोसायटीच्या सेक्रेटरींची मोघम नाराजी शिरावर घेऊन, लॅब्रॅडॉर जातीचे दोन महिन्यांचे पिल्लू आणले, आणि चपलांच्या प्रत्येक जोडीतील एकेकच चप्पल शिल्लक उरल्याचे ज्याला आठवड्याच्या आत आढळून आले, त्याच्या उपयोगार्थ प्रस्तुत मार्गदर्शन सिद्ध केले आहे. त्याने तारेचा क्रेट विकत आणावा. क्रेट म्हणजे कारागृह नव्हे, तर कूळ वसविण्यासाठी तोडून दिलेली जमीन होय, हे त्याने प्रथम स्वतःच्या मनावर ठसवावे. श्वानाला ते कळावयास फारसा विलंब लागत नाही.

क्षेत्रफळाच्या बाबतीत औदार्य घातक ठरते. पिल्लाला मान न झुकविता उभे राहता यावे, स्वतःभोवती वळता यावे आणि पाय ताणून निजता यावे, इतकी जागा पुरे. त्याहून अधिक दिल्यास ते एका कोपऱ्यात शयनगृह व दुसऱ्यात शौचकूप स्थापन करते. प्रौढ लॅब्रॅडॉरला साधारणतः 42 इंच लांबीचा क्रेट लागतो. तोच आरंभी घेऊन आत जाळीची आडभिंत बसवावी आणि जसजसे पिल्लू वाढेल तसतशी ती मागे सरकवावी. मात्र कृपणतेलाही सीमा आहे. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या अकराव्या कलमान्वये अपराध आहे; आणि कुत्र्याला नित्य बांधून वा कोंडून ठेवून त्याला फिरवून आणण्याचा कंटाळा करणारा मालकही त्याच कलमात सापडतो. संसदेला आपला स्वभाव इतका अचूक ठाऊक असावा, याचे कौतुक वाटते.

कब्जा देण्याची रीत अशी. दार सताड उघडे ठेवून आत खाऊ टाकावा व आपण वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसावे. पुढे जेवणाची ताटली आत नेऊन ठेवावी. जेवण चालू असता दार लोटावे, ताटली रिकामी होताच उघडावे. मग ही मुदत पाच मिनिटे, दहा मिनिटे अशी बेताबेताने वाढवावी. वयाच्या महिन्यांत एक मिळविला असता जितके तास होतात, तितकाच वेळ पिल्लाला लघुशंका आवरता येते असा ढोबळ हिशेब आहे; परंतु ती कमाल मर्यादा असून, तितका वेळ कोंडण्याची सनद नव्हे. क्रेटमध्ये घालताना गळपट्टा काढावा, कारण तो तारेत अडकून फास बसू शकतो. चप्पल खाल्ल्याची शिक्षा म्हणून तर कधीही आत घालू नये. सरकारजमा होण्याची धास्ती ज्या जमिनीत आहे, तीत कोणते कूळ मन लावून नांदेल?

रात्री कुईकुई सुरू झाल्यास, फिर्याद खरी आहे की नुसतीच दफ्तरी लावण्याजोगी आहे, हे ठरविण्याचे काम मालकाचे. शंका आल्यास पिल्लाला काही न बोलता खाली नेऊन आणावे, व वॉचमनच्या कुशल प्रश्नांना मानेनेच उत्तर द्यावे. अन्य प्रसंगी क्षणभर शांतता होईतो दार उघडू नये, कारण ओरडण्याला दाद मिळते असा पायंडा एकदा पडला की तो मोडणे दुष्कर. परंतु श्वान लाळ गाळू लागला, हिरड्या रक्ताळेपर्यंत तारा चावू लागला, तर ती फिर्याद नसून भयाचा आकांत आहे. अशा वेळी प्रयोग तहकूब करून पशुवैद्याकडे जावे.

खरी अडचण मातोश्रींची. “काय पाप केलंय रे त्या मुक्या जिवानं?” असे म्हणून त्या दार उघडतात, आणि सत्यनारायणाच्या शिऱ्याचा द्रोण पुढे सरकवतात. त्या शिऱ्यात बेदाणे असतात, आणि बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हे त्यांना नम्रपणे, परंतु प्रसादाची अवज्ञा न होईल अशा शब्दांत, सांगावे. अधिक उत्तम उपाय म्हणजे ताटलीचा सगळा कारभार त्यांच्याच हाती सोपवावा. हा अधिकार मिळताच त्यांची भूतदया शिस्तीचे रूप धारण करते, आणि “झोपलाय तो आत, कुणी दाराशी जाऊ नका,” हा हुकूम घरातील नातवंडांनाच नव्हे, तर खुद्द गृहस्थालाही लागू होतो.

क्रेट गॅलरीच्या उन्हात ठेवू नये. वर मातोश्रींचे जुने लुगडे घालावे, पण पंख्याचा वारा येईल अशी एक बाजू मोकळी राखावी. दिवाळीत फटाके सुरू झाले की दार उघडेच ठेवावे. श्वान आपण होऊन आत जाईल, व बॉम्बमागून बॉम्ब फुटत असता तेथेच दबून बसेल. अशी वहिवाट वर्षभर निर्वेध चालली की दाराची गरज उरत नाही, ते काढून माळ्यावर टाकावे. त्या जागी नवे कपाट मावेल, अशी सूचना याच सुमारास गृहिणीकडून येते. तथापि गृहस्थाने जागा खाली करून मागण्यापूर्वी मातोश्रींचा कौल घ्यावा, आणि कपाटाची आगाऊ रक्कम तूर्त देऊ नये.