पेंड न खाणारे घोडे

मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. गाव लेक्सिंग्टन, केंटकी. घोड्यांच्या मळ्यांचा मुलूख. त्यामुळे साठीची शेजारीण "माझ्याकडे तीनशे घोडे आहेत" म्हणाली, तेव्हा मी मान डोलावली. घर मात्र दोन खोल्यांचं निघालं. झोपायच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर वीतभर उंचीचे प्लॅस्टिकचे घोडे. खऱ्याच्या बरोबर नवव्या हिश्शाचे.

"छान आहेत खेळणी!" मी म्हटलं. सुगरणीला "पुरण विकतचं का?" विचारल्यावर होतो तसा बाईंचा चेहरा झाला.

मग शिकवणी सुरू झाली. हे 'ब्रेयर' कंपनीचे घोडे. 1950 साली शिकागोत एका घड्याळाला शोभा म्हणून शेजारी उभा करायला पहिला घोडा बनवला. घड्याळ मागे पडलं, घोडा पुढे गेला.

अमेरिकेत अशा घोडेवाल्या बायका गावोगाव आहेत. बहुतेकींना लागण पुस्तकातून होते, दहाव्या वर्षाच्या आसपास. कुणाला 1877 च्या 'ब्लॅक ब्युटी'तून, कुणाला 1941 च्या 'द ब्लॅक स्टॅलियन'मधून. आमच्या बाईंना मार्गरेट हेन्रींच्या 'मिस्टी ऑफ चिंकोटीग'मधून. पुस्तक मिटून पोरगी म्हणते, "मला तट्टू हवं." बाप म्हणतो, "बांधायचं कुठे?" आणि तात्पुरती सोय म्हणून ब्रेयरची मिस्टी आणतो. ती तात्पुरती सोय पन्नास वर्षं फळीवर उभी होती.

बाई घोडा उचलतात तो पोटाखाली हात घालून. पाय धरायचा नाही. बॅटरीच्या उजेडात त्यांनी मला एक कान दाखवला. टोकाशी मोहरीएवढा रंग खरवडला होता. "किंमत निम्मी!" त्या कळवळल्या. पुढचा घोडा मात्र उलटा महाग. सत्तरीच्या दशकात तेलटंचाईत मिळेल त्या रंगाचं प्लॅस्टिक वापरलं, ते झाकायला पांढरा हात मारून वर रंग दिला. तो टंचाईतला माल आज चढ्या भावानं जातो. आमच्याकडे रेशनच्या ज्वारीला हा मान मिळाला नाही.

हे घोडे पेंड खात नाहीत, पण चाकरी खऱ्या घोड्याची घेतात. पिवळा पडलेला पांढरा घोडा उन्हात ठेवला की उजळतो, रंगीत घोड्याचा रंग उन्हानं उडतो. म्हणून पांढऱ्याला खिडकी आणि काळ्याला कपाट. आमची ही गच्चीत कुरडया राखायला बसते, तशा बाई खिडकीशी बसतात.

जुलैत गावातल्या केंटकी हॉर्स पार्कमध्ये ब्रेयरफेस्ट भरतो, 1990 पासून. मैदानात खरे, जिवंत घोडे डौलात फिरत असतात, आणि त्यांच्याकडे पाठ करून बाया प्लॅस्टिकच्या घोड्यासाठी रांगेत उभ्या असतात. रात्री हॉटेलच्या खोल्यांची दारं उघडी टाकून खरेदी-विक्री चालते. पलंगावर घोडे मांडलेले, मालकीण सतरंजीवर. ब्लॅक ब्युटी पुस्तकभर मालक बदलत हाल सोसतो. इथेही मालक बदलतात, पण दरवेळी तो मऊ कापडात गुंडाळून जातो.

"खऱ्या घोड्यावर बसलात कधी?" मी विचारलं.

"एकदा. पाडलं मेल्यानं."

निघताना त्यांनी मला एक बोटभर पांढरा घोडा दिला. आता तो पुण्यात आमच्या खिडकीत असतो. सकाळचं ऊन मीच दाखवतो. परवा एका पाहुण्यांनी तो पायाला धरून उचलला आणि विचारलं, "नातवाचं खेळणं का?"

त्यांना चहा विचारला नाही.