पांढऱ्या साळुंकीचा भक्त

भिगवणला थंडीच्या सकाळी जमणाऱ्या पक्षीनिरीक्षकांत एक गृहस्थ चटकन ओळखू येतो. सगळ्यांच्या दुर्बिणी रोहितांच्या थव्यावर, याची मात्र चहाच्या टपरीमागच्या उकिरड्यावर. तिथल्या साळुंक्यांत एखादी पांढरी निघेल, या आशेवर त्याचा चहा थंड होतो. बाकीचे त्याला हसतात. पांढरी झाली तरी ती साळुंकीच, आयुष्यभरात पाहिलेल्या जातींच्या ‘लाइफ लिस्ट’मध्ये तिच्यामुळे एकाचीही भर पडत नाही. माझं मत उलट आहे. पक्षी पाहतो तो हाच. यादीवाले बहुतेक पक्षी मोजतात. कावळा, बुलबुल, सातभाई एकदा यादीत चढले की यादीवाला त्यांच्याकडे पुन्हा मान वळवत नाही. वेगळ्या रंगाचा पक्षी मात्र नेहमीच्यांच्या गर्दीतच सापडतो, म्हणून या बिचाऱ्याला शेकडो कावळे निरखावे लागतात. अमेरिकेत अलाबामामध्ये 2018 साली लाल कार्डिनल पक्ष्यांत एक पिवळाधमक नर निघाला. ऑबर्न विद्यापीठाचे पक्षी-अभ्यासक जेफ्री हिल यांना तसा पक्षी रानात 40 वर्षांत दिसला नव्हता. दिसला तो परसात दाणे ठेवणाऱ्या एका बाईंना.

यावर जाणकार म्हणतील, याला शास्त्र कुठे कळतं? पांढरं दिसलं की ‘अल्बिनो!’ म्हणून ओरडतो. स्वर्गीय नर्तकाचा वयात आलेला नर मुळातच पांढरा असतो, तरी त्याच्यावरही हाच शिक्का. आक्षेप खरा आहे. अल्बिनो पक्ष्याच्या अंगात मेलॅनिन हे रंगद्रव्य तयारच होत नाही. डोळे लालसर, नजर अधू, त्यामुळे रानात तो फार काळ टिकत नाही. काळ्या डोळ्यांचा धडधाकट पांढरा पक्षी म्हणजे दुसरंच प्रकरण. ब्रिटनमधल्या एका संग्रहालयातले तज्ज्ञ हाइन व्हॅन ग्राऊ तर सांगतात, की रानातल्या पक्ष्यांची बरीचशी पांढरी पिसं वयाबरोबर पिकलेली किंवा निकृष्ट खाण्यामुळे रंग न धरलेली असतात. म्हणजे शहरी कावळ्याच्या पंखावरचा पांढरा पट्टा हा निसर्गाचा चमत्कार नसून आपल्या शिळ्या पावाचा प्रताप असू शकतो! पण अल्बिनो की नाही, हा वाद मिटवायला पक्ष्याच्या डोळ्याचा रंग पुन्हा पाहावा लागतो, आणि तो आपला भक्त पाहतो. साळुंकीच्या बुबुळाचा रंग एखाद्या पाचशे जातींच्या यादीवाल्याला विचारून बघा.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि तिथे मी त्याची वकिली करणार नाही. मेलॅनिनमुळे पिसांना बळकटी येते. ते नसलेली पांढरी पिसं लवकर झिजतात. शिवाय असा पक्षी शिक्र्याच्या नजरेत लांबूनही भरतो. त्यात ग्रुपवर बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी झाडाखाली लांबलचक लेन्सांची जत्रा भरते. तेव्हा भक्तांनो, फोटो हवा तितका मिरवा. घरट्याचा पत्ता तेवढा कुणाला सांगू नका.