लीव्ह व्हेकन्सीवरचे गुरुजी

सांताक्रूझ पूर्वेला आमच्या आणि वहिनींच्या बिल्डिंगमध्ये एकच कंपाउंडची भिंत आहे, कोपरं टेकायला अगदी बेताची. डोक्यावरून विमान जायला लागलं की तोंड मिटायचं आणि गेलं की अर्ध्या राहिलेल्या शब्दापासून पुढे सुरू व्हायचं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. पहिल्या मजल्यावर नाना गॅलरीत पेपर वाचत असतात. म्हणजे पेपर धरून आमचं ऐकत असतात.

"ताई, आमच्या अमेरिकेतल्या धाकटीच्या चर्चमधल्या बाई गेल्या हो."

"अगं बाई! कशाने?"

"वारल्या नाहीत, रिटायर झाल्या. हिचं लग्न त्यांनीच लावलं होतं. आता दुसरे गुरुजी येतायत, पण तात्पुरते. रविवारी त्यांचं स्वागत आहे, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून न्यायचा. मला विचारते, आई, मी काय नेऊ?"

चर्च हा शब्द वहिनी खालच्या आवाजात उच्चारतात. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "म्हणजे बाटली की काय पोरगी?"

"काहीतरीच तुमचं! गौरी-गणपती सगळं करते ती. हे युनिटेरियन लोक वेगळे असतात. तिथे ज्यू येतात, हिंदू येतात, देवच न मानणारे येतात. येशूला देव मानाच असं कुणी म्हणत नाही. रविवारी पेल्यासारख्या समईत ज्योत लावतात, गाणी होतात, भाषण होतं आणि मग कॉफी."

"भाषणानंतर कॉफी म्हणजे लोक टिकत असणार."

"त्या ज्योतीची गोष्ट ठाऊक आहे का?" वरून नाना. "दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून पळालेला हान्स डॉइच नावाचा चित्रकार लिस्बनमध्ये होता. निर्वासितांना मदत करणाऱ्या युनिटेरियन मंडळींना कागदपत्रांवर एक चिन्ह हवं होतं, ते त्याने 1941 साली काढून दिलं. आधी शिक्का होता, मग त्याची पूजाच झाली."

नानांना असं काहीतरी नेहमीच ठाऊक असतं. आम्ही दोघींनी मान डोलावली आणि मूळ विषयावर आलो.

"पण तात्पुरते का? एकदाच काय तो बरा माणूस बघून नेमायचा."

"तेच मी म्हटलं. तर म्हणते, आई, लगेच नेमला तर लोक त्याला जुन्या बाईंच्याच मापाने मोजत बसतात. बाई असं करायच्या, बाईंचा आवाज किती छान. म्हणून मध्ये वर्ष-दोन वर्षं हे इंटरिम. तेवढ्यात कमिटी नवा माणूस शोधते आणि सगळे सभासद मत देऊन ठरवतात."

"म्हणजे आपल्या शाळेत लीव्ह व्हेकन्सीवर बाई यायच्या तसं."

"तसंच. पण त्या बाईंना कायम व्हायची आशा असायची ना? ह्यांना ती नाहीच. इंटरिम म्हणून आला तो त्याच जागी कायम होऊ शकत नाही. दंडकच आहे."

हा दंडक मला फार आवडला. ज्याला कायम व्हायचंच नाही त्याला अध्यक्षांच्या बायकोच्या गाण्याची तारीफ करावी लागत नाही. हिशेबात काय घोळ आहे, कोण कुणाशी बोलत नाही, हे तो पहिल्या महिन्यात तोंडावर विचारू शकतो. आमच्या सोसायटीला असा माणूस हवा, पण तो विषय काढला असता तर गप्पा दुपारच्या जेवणापर्यंत गेल्या असत्या.

"बायकांनी हो भाषणं करायची देवाच्या दारात," वहिनी म्हणाल्या, "मला अजून जरा नवलच वाटतं."

"नवल काय त्यात? इथून दादरला गाडी बदला आणि भायखळ्याला उतरा. मराठी बोलणाऱ्या माणसांनी हे कधीच केलंय."

मी झिराडबाईंचं सांगायला घेतलं. आमची आत्या कामा हॉस्पिटलात नर्स होती. त्यांचं नाव निघालं की पदर सावरून बसायची. डॉ. जेरुशा झिराड, आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंपैकी. 1919 साली लंडनची एमडी घेऊन आल्या आणि 1928 पासून कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या भारतीय त्याच. पुढे 1966 साली पद्मश्री. निम्म्या मुंबईची बाळंतपणं केलेली बाई, असं आत्या म्हणायची; आत्याची निम्मी म्हणजे किती ते सोडा. पण ह्याच बाईंनी 1925 साली मुंबईत ज्यूइश रिलिजिअस युनियन काढली. त्यांचं प्रार्थनामंदिर भायखळ्याचं रोडेफ शालोम. बाकीच्या सिनेगॉगमध्ये बायका वेगळ्या, बऱ्याच ठिकाणी वरच्या गॅलरीत. इथे नवरा-बायको एका बाकावर.

"इंग्लंडमध्ये शिकताना तिकडच्या उदारमतवादी ज्यूंचं पाहून आल्या," मी म्हटलं. "तिथे लिली माँटेग्यू म्हणून बाई होत्या, त्या स्वतः प्रवचन द्यायच्या."

"आणि ह्यांचे गुरुजी कोण?"

"इथेच तर गंमत आहे. बेने इस्रायलांमध्ये आपले असे रब्बी नव्हतेच. पिढ्यान् पिढ्या अलिबाग, पेण, रोहा ह्या भागात तेल गाळलं आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून शनवार तेली. प्रार्थना म्हणणारा हझान असतो, पण धर्म सांगणारा पंडित लागला तर बाहेरून बोलवायचा. आला तर आला. गेला तरी शनिवार काही चुकत नाही."

"आमच्या प्रार्थना समाजाचंही तसंच!" नानांनी पेपर खाली ठेवला. आता सुटका नव्हती. "31 मार्च 1867. डॉ. आत्माराम पांडुरंग, मग रानडे, भांडारकर, चंदावरकर. उपासना चालवायची ती सभासदांनीच, तुकोबांचा अभंग घेऊन. कुणी कोर्टातून आलेला, कुणी कॉलेजातून. आणि पाहुणे कोण? 1872 साली कलकत्त्याहून प्रतापचंद्र मझुमदार आले आणि काही महिने राहिले. 1873 ला 'सुबोध पत्रिका' सुरूच झाली. पाहुण्याने हलवल्याशिवाय आपले लोक हलत नाहीत."

"आणि कायमचे कुणी?"

"विठ्ठल रामजी शिंदे. युनिटेरियनांच्याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. तुमच्या लेकीच्या पंथाचेच पैसे, वहिनी! 1903 ला परत येऊन प्रचारक झाले. 1906 च्या ऑक्टोबरात अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. आणि 1910 ला समाजाचं प्रचारकपद सुटलं."

"सात वर्षांत? मग कायमचे कसले?"

नानांकडे ह्याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात विमान आलं, त्यांचं निभावलं.

विमान गेल्यावर मी भायखळ्याचं पुरं केलं. 1957 साली तिथे ह्यूगो ग्रीन नावाचा रब्बी आला. सत्तावीस वर्षांचा, अमेरिकेतल्या सिनसिनाटीहून नुकता पदवी घेतलेला, पहिलीच नेमणूक आणि ती थेट मुंबईत. जन्मगाव बेरेहोवो, कार्पेथियन डोंगराकडचं; बाप लाकडाचा व्यापारी. 1944 साली सगळ्या कुटुंबाला ऑशविट्झला नेलं. रांगेत उभं असताना कुणीतरी हळूच सांगितलं, म्हणून तेरा वर्षांच्या पोराने आपण एकोणीस वर्षांचे सुतार आहोत असं दडपून सांगितलं आणि वाचला. दहा वर्षांचा धाकटा भाऊ वाचला नाही. वडील छावणीतून सुटल्यावर काही दिवसांतच गेले.

वहिनींनी भिंतीवरचे हात काढून घेतले. "एवढं सोसून तो माणूस देवाचं सांगायला आला?"

"त्याने स्वतःच सांगितलेली आठवण आहे. त्या हिवाळ्यात छावणीत त्यांचा दिव्यांचा सण आला, हनुक्का. वडिलांनी वाट्याला आलेलं चिमूटभर मार्गारीन साठवलं आणि कपड्याचे धागे काढून वात केली. पोरगं चिडलं. खायचं सोडून जाळता कशाला? वडील म्हणाले, अन्नाशिवाय माणूस काही आठवडे काढतो, पाण्याशिवाय काही दिवस, आशेशिवाय मात्र घटकाभर नाही. एवढं करून ती वात पेटलीच नाही. मार्गारीन नुसतं तडतडलं."

वात पेटली नाही, हे तो लपवत नाही, म्हणून मला ही गोष्ट खरी वाटते. आपल्याकडच्या कथेकऱ्याने ती नक्की पेटवली असती.

आणि तो आला कुणाच्यात? ज्यांना ज्यू म्हणून ह्या देशात कुणी बोटही लावलं नव्हतं, अशांच्यात. शेजारी कोळी, मुसलमान, ब्राह्मण, नवसाला मलिदा, बायका नऊवारीत. त्याने ऑशविट्झचं सांगितलं असेल तेव्हा समोरच्या पेणकर-दिवेकरांना काय वाटलं असेल, ह्याचा मी पुष्कळदा विचार करते. त्यांचा निरोपाचा काळ वेगळाच चालू होता. 1951 च्या जनगणनेत देशात साधारण 26 हजार ज्यू होते आणि घरटी कुणी ना कुणी इस्रायलला निघालं होतं. कुणी हाकललं म्हणून नाही. तिकडे पोचल्यावर मात्र तिथल्या रब्बींनी लग्नाच्या वेळी ह्यांचीच कुळी तपासायला घेतली. मोठी आंदोलनं झाली, तेव्हा कुठे 1964 साली तिथल्या संसदेने हे पुरते ज्यू आहेत असं ठरवलं.

"आणि तो ग्रीन?"

"1960 ला गेला. तीन वर्षंच होता. पुढे लंडनला मोठा झाला, बीबीसी रेडिओवर गाजला. 1996 ला वारला तेव्हा सनातनी मुख्य रब्बी त्याच्या अंत्यविधीला गेले नाहीत, त्यावरून तिकडे पेपरात केवढी बोंबाबोंब!"

"बघा, म्हणजे आपल्यासारखंच," वहिनी एकदम खुलल्या. दुसऱ्याच्या देवळातलं राजकारण कळलं की माणसाला बरं वाटतं. "पण ताई, माझं तसंच राहिलं. ती काय नेऊ दे? पुरणपोळी तिला जमत नाही. केकमध्ये अंडं. तिथे ते दूधसुद्धा न खाणारे असतात, कुणाला गव्हाचं चालत नाही."

"मलिदाच करू दे. बेने इस्रायल एलियाहू हनावी ह्या प्रेषिताच्या नावाने करतात तो. पोहे धुवायचे, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची घालायची आणि वर केळी-खजूर. शिजवायला नको, दूध नको. कुणालाच वर्ज्य नाही."

"मलिदा म्हणून सांगू की गोड पोहे म्हणून?"

"गुरुजी दोन वर्षांनी जाणारच आहेत, काहीही सांगू दे."

"आधी ॲलर्जी विचारा," वरून नाना. "अमेरिकेत कित्येक जण खोबऱ्यालाही नटमध्ये धरतात."

वहिनींनी तिकडे रात्रीचे किती वाजलेत हेही न बघता फोन लावला.