चालते का?

आमच्या चिऊचा पहिला वाढदिवस तोंडावर आला आणि घरी येणारा प्रत्येक जण चपला काढायच्या आत विचारू लागला, "चालते का?" जुन्या स्कूटरबद्दलसुद्धा लोक याहून आडवळणाने विचारतात.

चिऊ चालत नाही. रांगतही नाही. एक पाय पुढे टाकून ती बुडावर सरकत अख्खा हॉल पार करते. शेजारच्या काकूंचा नातू नवव्या महिन्यात चालला होता. तो आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण काकूंच्या बोलण्यात अजून त्याच पहिल्या पावलावर उभा असतो.

आईने माळ्यावरून माझा पांगुळगाडा काढला. चिऊने तो आडवा पाडला आणि तासभर चाकं फिरवत बसली.

शेवटी मी जागतिक आरोग्य संघटनेला साक्षीला बोलावलं. पाच देशांतल्या मुलांचा त्यांचा अभ्यास २००६ साली छापून आला, त्यात दिल्लीचीही मुलं होती. आधाराशिवाय चालू लागण्याची मुदत साधारण आठ ते साडेसतरा महिने, आणि शंभरातली चारेक मुलं तर गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत.

"दिल्लीची असतील ती," आई म्हणाली.

डॉक्टर मात्र निवांत होते. "धरून उभी राहते ना? मग दीड वर्षापर्यंत वाट बघा. आणि चाकांच्या वॉकरमध्ये बसवू नका."

खरं तर चिऊची प्रगती भलतीकडेच चालली आहे. अंगठा आणि तर्जनीची अशी नेमकी चिमूट तिला साधली आहे की सोनाराने नोकरी द्यावी. सोफ्याखालची मोहरी, गेल्या दिवाळीतला चिवड्याचा पोहा, मेलेली मुंगी (एकदा जिवंतही), सगळं ती उचलते, डोळ्यांसमोर धरून पारखते आणि तोंडात टाकते. केर कसा काढला गेलाय, हे आता आम्हाला तिच्या तोंडात बोट घातल्यावर कळतं. पण या विद्येचं कौतुक शून्य! "तुमची चिमटीत धरते का हो?" असं आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही.

वाढदिवसाला औक्षण झालं आणि मंडळींनी रिंगण धरलं. एकीकडे आत्या खुळखुळा वाजवतेय, दुसरीकडे मामा मोबाईल रोखून बसलाय. "ये, ये, चाल चाल!" चिऊ पाट धरून उभी राहिली. काकूंनी श्वास रोखला. चिऊने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग थपकन खाली बसली, पाटाखाली गेलेली अक्षतांसोबतची सुपारी चिमटीत धरली आणि तोंडाकडे नेली.

मग सगळेच धावले. गुडघे बदललेल्या काकू सर्वांत पुढे.