स्मरणशक्तीचा हाय स्कोअर

जुने कॉम्प्युटर गेम आठवण्यातही आता सोवळं-ओवळं आलं आहे. ‘मारिओ’ म्हणालात तर लोक कीव करतात. ‘डेंजरस डेव्ह’ म्हणालात तर जेमतेम मान हलवतात. पाट-पाणी हवं असेल तर ‘पॅराट्रूपर’ म्हणा. 1982 चा हा गेम लिहिणारा ग्रेग कूपरबर्ग पुढे गणिताचा प्राध्यापक झाला, हेही ओघात सांगून टाका. खाली एक तोफ, वर हेलिकॉप्टरं. एका बाजूला चार सैनिक उतरले की एकमेकांच्या खांद्यावर चढून तोफ उडवणार. शिवाय झाडलेल्या प्रत्येक गोळीमागे एक गुण वजा! (हा हिशेब एखाद्या पेढीवरच्या मुनीमजींनी बसवला असावा.)

यंत्रमागांच्या भिवंडीत हा गेम खेळणाऱ्यांचा खरा शत्रू मात्र पडद्याबाहेर होता : भारनियमन. यंत्रमाग गप्प, तोफही गप्प. 2007 मध्ये वीजवितरण टोरंट पॉवरकडे गेलं, तोवर फ्लॉप्यांना बुरशी लागली होती.

आता मागांच्या शेजारी गोदामं आली. तिथून ‘रेट्रो’ छापाचे, शेकडो गेम भरलेले डबे गावोगाव जातात. घेणारा त्यातला एकही पुरता खेळत नाही. फोटो टाकून विचारतो, ‘आठवतंय का कुणाला?’ चुलतभाऊ तेवढा अंगठा दाखवतो.