जुंपलेले काका

कॅम्पग्राउंडच्या खिडकीशी उभे राहिले की काका तळ्याकाठची जागा मागत नाहीत, सावली मागत नाहीत, बाथरूम किती लांब आहे हेही विचारत नाहीत. त्यांची अट एकच. गाडी मागे घ्यावी लागता कामा नये. एका अंगाने आत शिरायचं, झोपायचं, सकाळी दुसऱ्या अंगाने बाहेर पडायचं. अशा आरपार जागेला अमेरिकेत पुल-थ्रू म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी तिचे चार पैसे जास्त पडतात. काका ते हसत मोजतात. एरवी हाच माणूस पार्किंगचे पैसे वाचवायला पाऊण मैल पायपीट करतो.

हे काका म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. जन्मभर नोकरी करून निवृत्त झालेला, मुलं मार्गी लागलेला, गॅरेजमध्ये स्क्रूंच्या बरण्या मापांप्रमाणे लावून ठेवणारा मराठी इंजिनिअर तिकडच्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात भेटतो. त्यातलाच एखादा साठी उलटल्यावर पंचवीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेतो आणि काकूंना घेऊन देश बघायला निघतो. शेजारच्या जागेवर उतरलेला ओहायोचा माजी पोस्टमन किंवा टेक्ससचा माजी मास्तर पुष्कळदा याच वाणाचा असतो. फरक इतकाच की तो विचारल्याशिवाय कारणं सांगत नाही.

ट्रेलर म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं आत असतं, इंजिन तेवढं नसतं. ते पुढच्या पिकअपचं. पिकअपच्या पाठीशी सव्वादोन इंचांहून जरा मोठा पोलादी गोळा असतो, त्यावर ट्रेलरचं तोंड म्हणजे कपलर येऊन बसतो. ट्रेलरच्या वजनापैकी 10 ते 15 टक्के भार या गोळ्यावर यावा लागतो. कमी आला तर हायवेवर मागचं घर डोलायला लागतं. म्हणजे 6000 पौंडांचं बिऱ्हाड 600 ते 900 पौंडांनी पिकअपचं बूड दाबून बसणार. तो भार पुढच्या चाकांपर्यंत वाटायला दोन जाड स्प्रिंग बार, खाली फुली मारून अडकवलेल्या दोन साखळ्या, दिव्यांची आणि ब्रेकची सात टोकांची केबल, शिवाय ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी एक बारीक तार. मुक्कामाला हे सगळं सोडायचं आणि सकाळी ओळीने पुन्हा जोडायचं. काका सोडत नाहीत. केबल तेवढी काढतात, कारण ट्रेलरने रात्रभर पिकअपची बॅटरी पिऊन टाकली तर सकाळी दोन्ही वाहनं तिथेच.

न सोडण्यामागची कारणं काका मोजून सांगतात. पहिलं म्हणजे वेळ वाचतो. दुसरं, चोराला ट्रेलर न्यायचा तर पिकअपसकट न्यावा लागेल. तिसरं कारण सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. रात्री-अपरात्री काही झालंच, तर तडक निघता येतं.

“तडक म्हणजे कसं हो?” काकू विचारतात. “ट्रेलरमधून पुढे जायला दार आहे का?”

दार नाही. मोटारहोममध्ये पलंगावरून उठून थेट स्टिअरिंगपाशी बसता येतं, ट्रेलरमध्ये नाही. शिवाय चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसं बसवायला बहुतेक राज्यांत बंदी आहे. म्हणजे बाहेर संकट उभं असताना काकांनी लेंग्यात, काकूंनी गाऊनमध्ये खाली उतरायचं, संकटाच्या बाजूने चालत पुढे जायचं आणि मग तडक निघायचं. “तो तपशील झाला,” काका म्हणतात.

हायवेकाठच्या वॉलमार्टमध्ये मात्र काका अगदी शोभून दिसतात. तिथल्या पुष्कळ दुकानांच्या आवारात मॅनेजरला विचारून आणि गावचा नियम आड येत नसेल तर एक रात्र फुकट काढता येते. रीत अशी की खुर्च्या मांडायच्या नाहीत, छत ओढायचं नाही, जॅक डांबरात रुतवायचे नाहीत, सकाळी मुकाट निघायचं. काकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. उलट तिथे एखादा हौशी ट्रेलर सोडून, गालिचा अंथरून, रंगीत दिवे लावून बसलेला दिसला की त्यांना मनापासून वाईट वाटतं. काका दिव्याच्या खांबाखाली गाडी लावतात, शेजारच्या शीतगृह ट्रकचं यंत्र रात्रभर घरघरतं, आणि त्यांना गाढ झोप लागते. काकूंना लागत नाही.

अडचण येते ती उतारावर. जमीन डावी-उजवी कललेली असेल तर सोपं आहे, खालच्या बाजूच्या चाकांखाली ठोकळे सरकवायचे की झालं. पुढे-मागे कललेली असेल तर ट्रेलर सोडून पुढचा जॅक वर-खाली करणं हा सरळ मार्ग. काका आडमार्गाने जातात. न सोडता जॅक खाली टेकवायचा आणि थोडाच फिरवायचा, म्हणजे ट्रेलरचं नाक वर येतं आणि त्याच्याबरोबर पिकअपचं बूडही. मग आत जाऊन ओट्यावर पाणसळ ठेवायची. बुडबुडा मधल्या रेघांत कधीच येत नाही. काका चष्मा काढून बघतात, लावून बघतात आणि जाहीर करतात, “दीड अंश. दीड अंश म्हणजे काहीच नाही.”

दीड अंश म्हणजे काय हे काकूंच्या तव्याला विचारावं. धिरड्याचं पीठ दाराच्या बाजूला ओघळतं, तिकडे जाड आणि कच्चं राहतं, खिडकीच्या बाजूला जाळी पडून करपतं. तेल कढईच्या एका कडेला जमतं, म्हणून भजी तेवढ्याच कोपऱ्यात दाटीवाटीने तळायची. झोपताना डोकं चढाच्या बाजूला येईल अशी उशी फिरवायची, नाहीतर सकाळी दोघंही उशीच्या पलीकडे. आणि गॅसवर चालणारा जुन्या धाटणीचा फ्रिज तर खरोखरच सपाटीचा भुकेला असतो. त्यातलं अमोनियाचं चक्र नळ्यांच्या उतारावर फिरतं. तो फार कलता राहिला की आधी थंडावा जातो आणि कधी कायमचा निकामी होतो. फ्रिजच्या बाबतीत काका ऐकतात. काकूंच्या मानेच्या बाबतीत दीड अंश चालतो.

त्यात संध्याकाळी लक्षात येतं की कोथिंबीर संपलीय. दुकान तीन मैलांवर. पिकअप मोकळा असता तर दहा मिनिटांचं काम. पण पिकअपच्या मागे पलंग, संडास आणि फोडणीचा डबा जोडलेला आहे. मग पंचेचाळीस फुटांची मिरवणूक गावात शिरते, दुकानाच्या आवारात आठ-दहा गाड्यांच्या जागा अडवून उभी राहते आणि एक जुडी घेऊन परत येते. काकू तेवढ्यात ओट्यापाशी जाऊन कांदा चिरून ठेवतात. काकांच्या मते ही सोयच आहे.

लुसिल बॉल आणि देसी अर्नाझ यांचा ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ हा 1954 चा चित्रपट काकूंनी किती वेळा पाहिला असेल कोण जाणे. त्यात रात्री चिखलात एका अंगावर कललेला ट्रेलर येतो तेव्हा काकू डोळे पुसत हसतात. काका त्या वेळी चहा करायला उठतात.

खरं कारण काकांनी सांगितलेल्या यादीत नाही. ते सकाळच्या जोडणीत आहे. गोळा बरोबर कपलरखाली आणायचा तर पिकअप इंचाइंचाने मागे घ्यावा लागतो आणि मागे उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं. काकू सांगायच्या. “या, या, या... थांबा. वीतभर राहिलंय.” खिडकीतून डोकं काढून काका विचारायचे, “वीतभर म्हणजे किती इंच?” “माझी वीत की तुमची?” एव्हाना आसपासच्या घडीच्या खुर्च्यांमधले कॉफीचे मग खाली ठेवले जायचे. दोन अनोळखी गृहस्थ मदतीला यायचे. एक हात हलवून बोलवायचा, दुसरा तळवा दाखवून थांबवायचा. शेवटी गोळा जागेवर बसायचा आणि पुढचे शंभर मैल पिकअपमध्ये फक्त नकाशाची बाई बोलायची. सोडलंच नाही तर जोडायला नको, आणि जोडायला नको तर भांडायला नको. हे कारण मला पूर्ण पटतं.

फक्त ते आता उरलेलं नाही. नव्या पिकअपला मागे कॅमेरा आहे. पडद्यावर एक रेघ गोळ्यापासून निघून कपलरच्या दिशेने जाते, रेघ धरून मागे यायचं, काम झालं. काकांना पहिल्याच झटक्यात जमलं. त्यांनी काकूंना खाली उतरवून दाखवलं, शेजाऱ्याला बोलावून दाखवलं आणि त्या रात्री पुढच्या मुक्कामी पुन्हा पुल-थ्रू जागा मागितली.

काकूंचं निदान वेगळं आहे. काका सांगलीकडचे. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रांगेत उभे असतात. ड्रायव्हर ट्रॉलीखाली पोतं टाकून झोपतो, पण पिन कुणी काढत नाही. रांग केव्हा सरकेल याचा नेम नसतो. “ह्यांना अजून वाटतं,” काकू म्हणतात, “की सोडलं तर नंबर जाईल.” नेब्रास्कात, जिथे पुढे-मागे चिटपाखरू नसतं, तिथेही.

ट्रेलरवाल्यांत तीनाचा एक नियम सांगतात. दिवसाला तीनशे मैलांवर जायचं नाही, दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठायचा, तिथे तीन रात्री राहायचं. पहिले दोन काका निष्ठेने पाळतात. तिसरा जमत नाही, कारण तीन रात्री राहायचं म्हणजे सोडणं आलं. यलोस्टोनच्या वाटांवर, डोंगराच्या वळणांवर, जिथे पिकअप मोकळा हवाच, तिथेही ट्रेलर मागे असतो. एका रात्रीपुरते काका शंभर टक्के बरोबर आहेत. नुसती पाठ टेकायची तर सोडण्याचा खटाटोप खुळेपणाचाच. दुसऱ्या रात्रीपासून मात्र तो निव्वळ हट्ट.

तुमच्या ट्रेलरला असा शेजारी लागला तर चार जागा पलीकडे उतरा. कॅम्पग्राउंडची शांततेची वेळ सकाळी सहाला संपत असेल, तर काकांचं डिझेल इंजिन सहा वाजून एका मिनिटाने सुरू होतं. मग काका खाली उतरून कपलरची खीळ, साखळ्या, तार, केबल, दिवे, सगळे टायर आणि पुन्हा कपलरची खीळ तपासतात, कारण रात्री कुणी खोडी काढून खीळ उपटली तर न सोडलेला ट्रेलरही सुटतो. तपासणं रास्तच आहे. गाडी सव्वासातला हलते.