रुमालवाला ड्रायव्हर

माझ्या बोर्डाच्या पोटात डोकावायला पुण्याच्या तपकीर गल्लीतून मी एक जेटॅग अ‍ॅडॉप्टर आणला. आतली एफटी२२३२एच चिप अस्सल आहे का, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, चालल्याशी मतलब ना?’’ मी मुकाट्याने पैसे दिले.

या चिपचे ड्रायव्हर दोन घराण्यांचे. एक चिप बनवणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा, डीटूएक्सएक्स, फुकट पण झाकण न उघडणाऱ्या डब्यातला. दुसरा लिबयूएसबीच्या घरातला, सगळं उघडं. ओपनओसीडी हे डीबगरचं सॉफ्टवेअर एके काळी दोघांशीही नांदायचं. पण त्याचा परवाना जीपीएल, त्यामुळे कंपनीचा ड्रायव्हर जोडून तयार केलेली प्रत वाटायला बंदी. म्हणजे दिवाळीचा फराळ घरी करा, घरीच खा, शेजारी ताट पाठवलंत तर गुन्हा! पुढे ओपनओसीडीने तो ड्रायव्हर सोडूनच दिला.

मी मात्र जुनी आवृत्ती खणून काढून कंपनीचाच ड्रायव्हर लावला. घरच्या माणसाला घरची चिप कळणारच, हा आमचा मध्यमवर्गीय विश्वास. लिनक्सवर अ‍ॅडॉप्टर खोचला, की एफटीडीआय-एसआयओ नावाचं कर्नेल मॉड्यूल एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी जागा धरतं. डीटूएक्सएक्सचा हट्ट, आधी हा रुमालवाला खाली उतरवा. उतरवला. पण या चिपमध्ये सीट दोन. माझ्या एकीवर जेटॅग होतं, दुसरीवर बोर्डाचा सिरियल कन्सोल. रुमालवाल्याबरोबर कन्सोलही उतरला आणि बोर्ड जिवंत आहे की गेलं, हे सांगणारं कोणी उरलं नाही.

त्यातच मला २०१४ आठवलं. त्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआयचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून घरोघरी पोचला आणि नकली चिप दिसली की तिचा ओळखक्रमांक शून्य करू लागला. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. लिनक्सवाल्यांनी मात्र तो शून्य क्रमांकही आपल्या यादीत लिहून घेतला. नाव पुसलेल्यालाही पंगतीत पान! तपकीर गल्लीच्या गिऱ्हाईकाला याहून मोठा दिलासा कोणता?

गेलो उघड्या घराण्यात. तिथला ड्रायव्हर समजूतदार निघाला, ‘‘मला एवढी खिडकीची द्या, शेजारच्या काकांना बसू दे.’’ कन्सोल परत आला. फक्त ड्रायव्हर परवानगी नाही म्हणून अडला. लिनक्सच्या यूडेव्ह नियमात चिपच्या ओळखीचे ०४०३ आणि ६०१० हे आकडे लिहिले, तेव्हा आत आला.

आणि म्हणाला, जेटॅगच्या साखळीवर नुसते एकच एक ऐकू येताहेत.

रात्री दीड वाजता मी पहिल्यांदा ड्रायव्हर सोडून बोर्डाकडे पाहिलं. बोर्डाचं उत्तर आणणारी टीडीओची तार शेजारच्या रिकाम्या पिनेवर बसली होती. ‘‘हे आधी नाही का बघायचं?’’ झोपमोड झालेली बायको म्हणाली. तिचं शिक्षण इतिहासाचं.

ड्रायव्हर उघडाच ठेवलाय. तारेला चिकटपट्टी लावली आहे.